घरातल्या खोलीचा उजेड रंगांत उभा करताना : बोनार आणि व्हुइयार यांच्या पद्धतीचे टप्पे

पिएर बोनार आणि एदुआर व्हुइयार या फ्रेंच चित्रकारांची घरातली चित्रे पाहून त्या रीतीने आपली खोली रंगवू पाहणारे बहुतेक जण एकाच ठिकाणी अडकतात. ते आधी छायाप्रकाशाने खोली पूर्ण उभी करून घेतात आणि मग तिच्यावर पिवळा, नारिंगी, जांभळा असे रंग चढवतात. चित्र भडक होते, पण खोलीत उजेड येत नाही, कारण या चित्रकारांचा उजेड गडद आणि फिकट यांच्यातल्या अंतरावर फारसा अवलंबून नसतो. उजळपणाने जवळजवळ सारखे, पण उष्ण (पिवळा, नारिंगी, लाल यांकडे झुकणारे) आणि शीत (निळा, हिरवा यांकडे झुकणारे) या अंगाने वेगळे असलेले रंग शेजारी बसवून तो तयार केलेला असतो. त्यामुळे कामाचा क्रमही बदलतो, आणि हा क्रम चुकला की पुढची सगळी मेहनत डागडुजीत जाते. तैलरंगात स्थिरचित्र निदान काही वेळा केलेले आहे, असे गृहीत धरून पुढचे टप्पे दिले आहेत.

तयारी : साहित्य, खोली आणि वेळ

कॅनव्हास चौकटीवर ताणू नये. प्रायमर लावलेला कॅनव्हास प्लायवर किंवा सरळ भिंतीवर टाचण्यांनी लावावा, आणि ठरवलेल्या चित्राच्या चारही बाजूंना सहा-सात सेंटिमीटर जादा जागा ठेवावी. बोनार याच पद्धतीने काम करीत असे. फ्रान्सच्या दक्षिणेला ल कॅने येथे त्याने 1926 मध्ये घेतलेल्या घरातली त्याची काम करण्याची खोली लहानच होती, आणि तिच्या भिंतीवर एकाच वेळी अनेक कॅनव्हास टाचलेले असत. पहिल्या प्रयत्नासाठी 50 × 60 सेंटिमीटरचे चित्र पुरे आहे. त्याहून लहान आकारात नक्षी आणि माणूस यांची गर्दी होते.

रंग मोजके घ्यावेत : कॅडमियम यलो, यलो ऑकर, व्हर्मिलियन (नारिंगीकडे झुकणारा लाल) किंवा त्याऐवजी कॅडमियम रेड लाइट, अलिझारिन क्रिमझन, कोबाल्ट ब्लू, अल्ट्रामरीन, व्हिरिडियन (निळसर हिरवा), एखादा जांभळा आणि पांढरा. टायटॅनियम व्हाइटचे झाकणबळ मोठे असल्यामुळे तो मिश्रणात जरा जास्त पडला तरी रंग खडूसारखे पडतात. झिंक व्हाइट अधिक पारदर्शक असतो, पण तैलरंगात नुसता वापरला तर कालांतराने ठिसूळ होतो. म्हणून दोन्ही समप्रमाणात मिसळून ठेवावेत आणि हे मिश्रणसुद्धा जपून वापरावे. काळा रंग या पहिल्या चित्रापुरता डब्यातच राहू द्यावा. रंग मिसळण्यासाठी चिनी मातीची पांढरी बशी सगळ्यात सोयीची, कारण पांढऱ्या पृष्ठभागावर फिक्या छटांमधला फरक लगेच कळतो. बोनारही बशाच वापरीत असे.

खोली निवडताना सौंदर्य पाहू नये. एक खिडकी किंवा उघडे दार, एक टेबल, त्यावर पांढरे किंवा चौकड्याचे कापड, आणि नक्षी असलेल्या निदान दोन गोष्टी, म्हणजे पडदा, चादर, साडी किंवा सतरंजी यांपैकी काहीही, एवढे असले की झाले. दिवसातली एक वेळ ठरवावी आणि ती बदलू नये. आपल्याकडच्या फ्लॅटमध्ये दिवसाही ट्यूबलाइट चालू असते. ती बंद केल्याशिवाय काम सुरू करू नये, कारण खिडकीचा उजेड आणि ट्यूबचा उजेड एकत्र आले की सावल्यांचे रंग एकमेकांना खोडून टाकतात आणि हाती करडेपणाच उरतो.

टप्पा 1 : पेन्सिलीची टिपणे

बोनार मॉडेलसमोर किंवा वस्तूसमोर बसून रंगवीत नसे. खिशातल्या लहान रोजनिशीत तो पेन्सिलीने रेखाटन करी, शेजारी त्या दिवसाचे हवामान लिही, आणि पुढे चित्र त्या टिपणांवरून व आठवणीवरून रंगवी. समोरची वस्तू चित्रकाराला आपल्या मूळ कल्पनेपासून दूर ओढते, असे त्याचे म्हणणे होते. एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षांसाठी आपण जे स्मरणचित्र काढायला शिकलो, त्यात बसस्टॉप किंवा बाजार साच्यातून काढल्यासारखा येई. इथे आठवायचा आहे तो विशिष्ट वेळेचा उजेड, आणि तो टिपणाशिवाय आठवत नाही.

ठरलेल्या वेळी, लागोपाठ काही दिवस, खोलीत बसून तळहाताएवढी रेखाटने करावीत. रेषा वस्तूंची कड दाखवण्यासाठी कमी आणि टोन (गडद-फिकटपणाची पातळी) दाखवण्यासाठी जास्त वापरावी : गडद भागाला दाट गिरगटे, मध्यम भागाला तिरप्या रेषा, उजळ भागाला ठिपके. मग शब्द लिहावेत, पण "भिंत पिवळी, कापड पांढरे" अशी नोंद निरुपयोगी आहे. नोंद तुलनेने करावी : "भिंत कापडापेक्षा गडद नाही, फक्त उष्ण आहे", "खुर्चीच्या पाठीची सावली जमिनीपेक्षा निळी", "दाराच्या कडेला नारिंगी रेघ, बाहेरच्या हिरव्यामुळे". थंड पण स्वच्छ हवेच्या दिवशी नारिंगी सावल्यांत व्हर्मिलियन असतो आणि करड्यात जांभळा, अशा जातीची नोंद बोनारच्या रोजनिशीत आहे. हवा आणि रंग यांची सांगड घालण्याची ही सवय लावून घेण्यासारखी आहे. मेमधल्या कोरड्या दुपारचे आणि जुलैतल्या पावसाळी दुपारचे टिपण एकाच चित्रासाठी वापरता येत नाही.

*इशारा.* मोबाइलवर काढलेल्या फोटोवरून रंगवू नये. कॅमेऱ्याने संपूर्ण दृश्यासाठी एकच एक्स्पोजर (उजेड किती आत घ्यायचा याचे माप) घेतले, की खिडकी पांढरी फटक होते किंवा खोली काळवंडते. डोळा खिडकीकडे वळला की तिच्याशी जुळवून घेतो, खोलीकडे वळला की खोलीशी. या चित्रांत बाग आणि टेबल दोन्ही भरपूर रंगांत दिसतात ते याचमुळे. व्हुइयार कोडॅक कॅमेरा वापरत असे हे खरे, पण त्याआधी बरीच वर्षे त्याने अशा खोल्या रंगवलेल्या होत्या, तेव्हा त्याचा दाखला देऊन सुटका करून घेता येणार नाही.

*तपासणी.* टिपणवही घेऊन दुसऱ्या खोलीत जावे. तिथे बसून कोणता भाग कोणत्या भागापेक्षा उष्ण, हे न अडखळता सांगता आले तरच पुढे जावे.

टप्पा 2 : मांडणी

टिपणांपैकी एक निवडून कॅनव्हासवर पातळ केलेल्या अल्ट्रामरीनने किंवा ऑकरने मोठे आकार आखावेत. कोळसा वापरल्यास तो झटकून टाकावा, नाहीतर पहिल्याच थरात काळपटपणा मिसळतो.

दोन गोष्टी इथेच ठरतात. पहिली, टेबलाचा पृष्ठभाग. यथार्थदर्शनाच्या नियमाने तो अरुंद पट्टी होतो आणि उजेडाला पसरायला जागा राहत नाही. तो जरा वरून पाहिल्यासारखा उभा करावा. लंडनच्या टेट संग्रहालयातले बोनारचे 1915 मधले 'कॉफी' या दृष्टीने पाहावे : लाल-पांढऱ्या चौकड्याचे कापड चित्राचा मोठा भाग व्यापते, कप घेतलेली मार्त (बोनारची जीवनसंगिनी) आणि तिच्याशेजारचा कुत्रा वरच्या बाजूला सरकलेले आहेत, आणि एका कडेला दुसऱ्या व्यक्तीचा थोडाच भाग दिसतो. दुसरी गोष्ट माणसाची जागा. माणूस मधोमध बसवला की ते व्यक्तिचित्र होते आणि नजर चेहऱ्यावर खिळून राहते. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये असलेल्या 1930–31 च्या बोनारच्या 'न्याहारीची खोली' या चित्रात खिडकी मध्यभागी आहे, टेबल पुढे आहे, आणि बाई डाव्या कडेला भिंतीत जवळजवळ मिसळून उभी आहे. ती बऱ्याच जणांना उशिराने दिसते.

चित्राची अंतिम कड अजून आखायची नाही.

टप्पा 3 : टोन जवळ आणणे

सगळ्यात जास्त चित्रे याच टप्प्यावर बिघडतात, म्हणून इथे घाई नको.

कॅनव्हासला हात लावण्यापूर्वी बशीत चार-पाच मोठ्या भागांचे रंग तयार करावेत : भिंत, कापड, जमीन, बाहेरची बाग किंवा समोरची इमारत, आणि माणसाचे कपडे. मग डोळे किलकिले करून पाहावे. एखादा रंग बाकीच्यांतून एकदम उजळ किंवा गडद होऊन उठून दिसत असेल, तर त्याचा उष्ण-शीतपणा कायम ठेवून त्याचा टोन शेजाऱ्यांच्या जवळ आणावा. खिडकीबाहेरचा भाग खोलीपेक्षा उजळच असला पाहिजे, हा समज सोडावा. अमेरिकेत मिनियापोलिसच्या संग्रहालयातल्या, 1913 च्या 'खेड्यातली जेवणाची खोली' या बोनारच्या चित्रात आतल्या भिंती लाल-नारिंगी आहेत, बाहेर हिरवे-निळे-जांभळे आहे, मार्त बाहेरून खिडकीवर रेलली आहे आणि खुर्च्यांवर मांजरे आहेत. आत आणि बाहेर वेगळे कळतात ते मुख्यतः उष्ण आणि शीत यांच्या भेटीमुळे.

व्हुइयारच्या बाबतीत हे आणखी टोकाला जाते. 1893 च्या, आई आणि बहीण यांच्या लहानशा अंतर्दृश्यात (खोलीच्या आतल्या चित्रात) बहिणीचा नक्षीचा पोशाख भिंतीवरच्या नक्षीदार कागदात विरघळत चालला आहे, कारण दोन्हींचा टोन जवळचा आहे. त्याच चित्रात आईचा काळा पोशाख मात्र एकसंध, जड आकार म्हणून बसला आहे. म्हणजे गडद रंगाला मनाई नाही. पण तो कुठे ठेवायचा ते ठरवून ठेवायचे, सगळीकडे सावली म्हणून पसरायचा नाही.

*तपासणी.* इथे मोबाइलचा उपयोग आहे. बशीचा फोटो काढून तो कृष्णधवल करावा. बहुतेक रंग एकमेकांच्या जवळच्या करड्यात दिसले पाहिजेत; दोन-तीन रंग ठरवून बाहेर राहिले तर हरकत नाही.

टप्पा 4 : पहिला पातळ थर

टर्पेंटाइनने पातळ केलेला रंग मोठ्या भागांवर घासल्यासारखा पसरावा. सुरुवात शेजारी असलेल्या दोन सर्वांत मोठ्या भागांनी करावी, एक उष्ण आणि एक शीत. त्यांचा संबंध बसेपर्यंत तिसरा रंग लावू नये. त्यानंतर जमीन, मग बाहेरचे दृश्य, मग कापड आणि सर्वांत शेवटी माणूस. आधी माणूस रंगवला की पुढे त्याला वाचवण्यासाठी बाकी सगळी खोली त्याच्याभोवती फिरू लागते.

हा थर अपुरा दिसायला हवा. कॅनव्हासचा मूळ रंग जागोजागी दिसत राहिला तर चांगलेच. व्हुइयार पुठ्ठ्यावर काम करताना पुठ्ठ्याचा तपकिरी रंग तसाच उघडा ठेवून त्याला चित्रातला एक रंग म्हणून वापरीत असे. पुठ्ठा वापरायचा असल्यास त्यावर आधी सरसाचा किंवा ॲक्रिलिकचा हात द्यावा, कारण उघड्या पुठ्ठ्यात तेल शोषले गेले की तो पुढे ठिसूळ होतो.

टप्पा 5 : पांढऱ्या वस्तू

टेबलावरचे कापड, दार, बाथरूमच्या फरश्या, दुधाचे भांडे : घरगुती चित्रांत पांढऱ्याचा वाटा फार मोठा असतो, आणि नवखा माणूस तिथे ट्यूबमधला पांढरा लावून मोकळा होतो. त्या क्षणी बाकी सगळे रंग मळके दिसू लागतात.

बशीत चार वेगवेगळे 'पांढरे' तयार करावेत. एकात ऑकर आणि किंचित क्रिमझन, दुसऱ्यात कोबाल्ट ब्लू आणि जांभळा, तिसऱ्यात अगदी थोडा व्हिरिडियन, चौथ्यात व्हर्मिलियनचा स्पर्श. चारही सारख्याच उजळपणाचे असावेत आणि मूळ पांढऱ्यापेक्षा एक पायरी खाली. आता कापड पाहावे. खिडकीजवळची त्याची कड आकाशाच्या बाजूने निळसर असते, टेबलाच्या मध्यावर छताचा आणि भिंतीचा उष्ण रंग उतरतो, बशीच्या खाली बशीचा रंग सांडतो, आणि आपल्या बाजूला लोंबणारा भाग बऱ्याचदा जांभळट असतो. प्रत्येक ठिकाणी योग्य तो पांढरा, ब्रशचा एकेक फटकारा देऊन, शेजारच्यात न मिसळता ठेवावा. दोन फटकाऱ्यांमधून खालचा पातळ थर दिसत राहिला पाहिजे. बोटाने किंवा चिंधीने ते पुसून गुळगुळीत करण्याचा मोह होतो. तसे केले की चारही पांढऱ्यांचा एक करडा होतो आणि उजेड विझतो.

ग्रेनोब्लच्या संग्रहालयातले 1932 चे बोनारचे 'पांढरे अंतर्दृश्य' हा या टप्प्याचा सर्वांत चांगला पाठ आहे. दार, भिंत, खोली गरम ठेवणारा रेडिएटर, टेबल हे सगळे नावापुरते पांढरे आहे, आणि जमिनीशी वाकलेली बाई जमिनीच्याच रंगात इतकी मुरली आहे की आधी खोली दिसते आणि नंतर ती. मोठी प्रतिमा पडद्यावर उघडून एका कागदाला बोटाएवढे छिद्र पाडावे आणि ते पांढऱ्या भागांवरून फिरवावे. छिद्रातून निखळ पांढरा किती कमी वेळा दिसतो, ते लक्षात येईल.

*इशारा.* चमक दाखवण्यासाठी कपाच्या काठावर, चमच्यावर, डोळ्यात पांढरे ठिपके देऊ नयेत. असे ठिपके वस्तू घडवतात, खोलीतला उजेड घडवत नाहीत.

टप्पा 6 : सावल्या

सावलीसाठी वस्तूच्या मूळ रंगात तपकिरी मिसळण्याची सवय व्यक्तिचित्रणाच्या शिक्षणातून येते. इथे ती आवरावी. सावलीचा रंग ठरवताना तीन प्रश्न विचारावेत : ती कोणत्या पृष्ठभागावर पडली आहे, तिच्यावर आकाशाचा किती उजेड येतो, आणि जवळच्या कोणत्या रंगीत वस्तूचा रंग तिच्यात परावर्तित होतो. पिवळ्या भिंतीवरची सावली खिडकीजवळ हिरवट-निळी आणि लाल पडद्याजवळ नारिंगी असू शकते. एकाच सावलीत दोन रंग आले तर ते दोन्ही राहू द्यावेत. टोनमधला फरक आपल्याला वाटतो त्याच्या निम्माच ठेवावा.

टप्पा 7 : नक्षी आणि माणूस

नक्षी भरताना ती कापडाच्या घडीप्रमाणे वाकवू नये. व्हुइयारच्या घरातच त्याच्या आईचा कॉर्सेट आणि शिवणकामाचा व्यवसाय चालत असे, त्यामुळे कापडाच्या घड्या त्याला ठाऊक नव्हत्या असे कोणी म्हणणार नाही. तरीही त्याची ठिपक्यांची आणि चौकड्यांची नक्षी पुष्कळदा चित्राच्या सपाटीलाच धरून राहते. नक्षीचे ठिपके आणि त्यांची पार्श्वभूमी यांचा टोन फार वेगळा झाला तर ती भिंतीवरून उडी मारून पुढे येते. अशा वेळी ठिपके लहान करण्याऐवजी त्यांचा टोन पार्श्वभूमीकडे सरकवावा.

माणसाला बाह्यरेषा नको. त्याची एक बाजू शेजारच्या रंगात मुरू द्यावी आणि दुसरी बाजू उष्ण-शीत फरकाने वेगळी करावी. चेहऱ्याचे तपशील जवळजवळ टाळावेत. डोके कोणत्या बाजूला झुकले आहे एवढे कळले तरी पुरते.

*तपासणी.* चित्र उलटे टांगून पाहावे. नजर सर्वांत आधी माणसावर जात असेल, तर त्याच्या कडेचा एखादा फरक कमी करावा.

टप्पा 8 : थांबणे आणि पुन्हा हात लावणे

आता चित्र भिंतीवर राहू द्यावे आणि दुसऱ्यावर काम सुरू करावे. दोन-तीन चित्रे शेजारी टाचलेली असली तर एकात बरोबर बसलेला रंग दुसऱ्यात कुठे हवा होता हे आपोआप दिसते. बोनार असेच एका कॅनव्हासवरून दुसऱ्याकडे जात असे. पुढचे थर कोरड्या ब्रशने, खालचा रंग दिसत राहील असे द्यावेत, आणि प्रत्येक वरच्या थरात खालच्यापेक्षा तेल थोडे अधिक असावे. हा क्रम उलटला तर वरचा थर आधी आखडतो आणि भेगा पडतात. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात वाळण्याला लागणारा वेळ बराच वाढतो. बोटाला चिकटणाऱ्या थरावर कोरडा ब्रश चालवला तर खालचा रंग उचलला जातो.

या टप्प्यावरची दुरुस्ती लहान आणि नेमकी असावी. मृत्यूपूर्वी, जानेवारी 1947 मध्ये, बोनारला आपल्या फुललेल्या बदामाच्या झाडाच्या चित्रात खाली डाव्या बाजूचा हिरवा पट्टा खटकत होता, आणि पुतण्याच्या मदतीने त्याने तिथे पिवळा चढवला. एवढ्या एका कोपऱ्याने सगळ्या चित्राचे तापमान बदलते. त्यामुळे काही बिघडले आहे असे वाटले की मधला भाग खरवडण्याआधी चारही कोपरे तपासावेत. दोष बहुधा तिथे निघतो.

सरसाच्या रंगात करायचे असल्यास

व्हुइयारचा मातकट, चमक नसलेला पृष्ठभाग ज्यांना हवा आहे, त्यांनी तैलरंगात खडूची पूड मिसळण्याचा उद्योग करू नये. व्हुइयार नाटकांच्या पडद्यांसाठी वापरली जाणारी सरसाची पद्धत वापरीत असे. सशाच्या कातड्याचा सरस, एक लिटर पाण्याला साधारण 70 ग्रॅम, रात्रभर भिजवावा आणि दुसऱ्या दिवशी गरम पाण्यात भांडे ठेवून विरघळवावा. तो उकळला तर त्याची चिकटण्याची शक्ती जाते. सुतारकामाचा सरस गडद असल्यामुळे फिक्या छटा मळवतो. कोमट सरसात पाण्यात भिजवलेली रंगद्रव्याची लगदी मिसळून लगेच लावावी, आणि प्रत्येक मिश्रणाचा ठिपका कागदावर वाळवून पाहावा, कारण हे रंग वाळल्यावर पुष्कळ फिके होतात. जाड थरावर जाड थर दिला तर पापुद्रे सुटतात. दमट हवेत सरसाला बुरशी येते, म्हणून हे काम हिवाळ्यातच करावे.

*इशारा.* कॅडमियम आणि शिशाची रंगद्रव्ये पूड स्वरूपात घरी हाताळू नयेत. इतर पूड हाताळतानाही मास्क लावावा, आणि स्वयंपाकाचे भांडे यासाठी वापरू नये.

टप्पा 9 : कड ठरवणे आणि वार्निश

चित्र स्पर्शाला पूर्ण कोरडे झाल्यावर पुठ्ठ्याचे दोन काटकोनी तुकडे चारही बाजूंनी सरकवून पाहावेत. टेबल, खुर्ची किंवा माणूस थोडासा कापला गेला तर चित्र बहुधा सुधारते, पण कड नेमकी एखाद्या वस्तूच्या काठाला टेकली तर ती वस्तू चौकटीला चिकटल्यासारखी दिसते. ठरलेली कड पेन्सिलीने आखून ठेवावी, जादा कॅनव्हास चौकटीवर दुमडण्यासाठी लागतो म्हणून तो कापू नये, आणि मगच चित्र ताणून घ्यावे.

तैलचित्राला वार्निश देण्याआधी निदान सहा महिने थांबावे आणि मॅट वार्निशच वापरावे. चकचकीत वार्निशमुळे पांढऱ्यांमधले बारीक फरक प्रतिबिंबांखाली झाकले जातात. सरसाच्या चित्राला वार्निश कधीच देऊ नये, ते रंग वार्निश शोषून गडद होतात आणि पुन्हा मूळ पदावर येत नाहीत. त्याला काचेमागे, काच पृष्ठभागाला टेकणार नाही अशा बेताने, बाहेरच्या ओलसर भिंतीपासून दूर टांगावे.